घंटेबद्दल विचारणाऱ्यांना

प्रिय माजी विद्यार्थ्यांनो,
दरवर्षी या पत्रात मी निकालाचे आकडे लिहिते,
नव्या प्रयोगशाळेचे चौरस फूट लिहिते,
आणि तुम्ही उलटटपाली एकच विचारता :
मॅडम, घंटा कुठाय?

पुण्याहून विचारता, मस्कतहून विचारता.
एकाने तर तहसील कचेरीतून लिहिलं,
"सदर घंटा सद्यःस्थितीत कोठे आहे,
याचा खुलासा व्हावा."

खुलासा असा.
ती घंटा नव्हतीच. रुळाचा हातभर तुकडा,
मिरज जंक्शनच्या भंगारातून कुणीतरी आणलेला,
चिंचेच्या फांदीला तारेनं टांगलेला.
महापुरात फांदी गेली.
तुकडा गाळात सापडला,
ग्रंथालय दोरीवर वाळत घातलं होतं त्या दिवसांत,
जेव्हा प्रत्येक पुस्तकाला
हरिपूरच्या बुडालेल्या पेवाचा वास येत होता.
आता तो माझ्या टेबलाखाली आहे.
पाय ठेवायला बरा पडतो.
रागावू नका.

मला वाटलं होतं, तुम्ही दस्तगीरमामांबद्दल विचाराल.

मामा मागच्या थंडीत गेले.
भेटायला गेले तर त्यांच्या शाहीननं
लोखंडी पेटी उघडून सात मेमो दाखवले.
विषय : घंटा विलंबाने देणेबाबत.
तीन प्राचार्यांच्या सह्या,
त्यातली एक, मी जिला वाकून नमस्कार केला असता अशी.

मामांच्या मनगटावर घड्याळ होतं, तुम्हाला आठवत असेल,
पण हातोडी उचलण्याआधी ते घाटाकडे बघायचे.
सांगलवाडीची होडी मध्यावर असली
की उभेच राहायचे, हातोडी खांद्याला लावून.
दोन मिनिटं. कधी चार.
एकदा, पाण्याला ओढ होती तेव्हा, अकरा.

त्या होडीत मी असायचे.
तीन वर्षांत मला एकदाही उशीर झाला नाही.
मला वाटायचं, मी वक्तशीर आहे.
दर स्नेहसंमेलनात पोरांना तेच सांगत आले,
माईकवरून.

आता घंटा यंत्र देतं.
सेकंद चुकत नाही, नदीकडे बघत नाही.
होडीही राहिली नाही म्हणा.
आता येते ती ढालगावची एसटी, साडेपाचला सुटलेली,
आणि तिच्यातून महानंदा कोळेकर,
घरातली कॉलेजात आलेली पहिलीच,
जिला जुलैत सात वाजून तीन मिनिटांनी
आपल्या फाटकानं बाहेर ठेवलं.
फाटकाचा नियम माझ्याच सहीचा.

यंत्र बसवणाऱ्या पोराला बोलावलं. म्हटलं,
यात वाट बघायची सोय आहे का?
तो हसला नाही. मेनू दोनदा तपासला.
म्हणाला, मॅडम, तसं बटन येत नाही.

म्हणून सकाळी आता मीच फाटकाशी उभी असते,
स्टँडकडच्या वळणावर डोळे लावून.
पहिला तास एसटी आल्यावर सुरू होतो.
दोन प्राध्यापक माझ्याशी बोलत नाहीत.
आणि तुमच्यातल्या काहींनी कळवलं,
परंपरा मोडलीत, मॅडम,
आमच्या वेळी सात म्हणजे सात होतं.

नव्हतं.
तुमच्या वेळी सात म्हणजे
होडी लागेपर्यंत होतं.
तुम्ही काठावरच राहायचात,
तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

बाकी सर्व क्षेम.
कँटीनचं भडंग पूर्वीसारखं नाही, ही तक्रार रास्त आहे.
देणगीचा फॉर्म सोबत जोडला आहे, तोही वाचा.
जानेवारीत याल तेव्हा
रूळ टेबलाखालून बाहेर काढून ठेवीन,
हात लावून बघा, थंड असतो.
वाजवता मात्र येणार नाही.
हातोडी शाहीनकडे आहे.
ती देणार नाही,
आणि मी मागितलेली नाही.

आपली,
सुनेत्रा आवटी, प्राचार्य
(होडीतून तिसरी, डाव्या बाजूची)